पान जुनंच दिसतंय? ‘पर्ज’ दाबण्याआधी करायची तपासणी

“मथळा दुरुस्त केला, सेव्ह केला, तरी साइटवर जुनाच दिसतोय.” असा निरोप आला की हात आपोआप ‘पर्ज ऑल’च्या, म्हणजे साठवलेली सगळी पानं पुसणाऱ्या, बटणाकडे जातो. पान ताजं होतं, निरोप देणारा खूश होतो आणि चार दिवसांनी तोच निरोप पुन्हा येतो. कारण पान नेमकं कुठे अडकलं होतं याचा पुरावा त्या बटणाने पानाबरोबरच पुसून टाकलेला असतो. शिवाय सगळी कॅश (वेगासाठी तयार पानांच्या प्रती ठेवायची जागा) एकदम रिकामी झाली की पुढची काही मिनिटं प्रत्येक वाचकाचा भार थेट डेटाबेसवर पडतो, तो वेगळाच.

उदाहरणासाठी मी ज्या मांडणीशी नेहमी झटतो तीच घेतो: वर्डप्रेस आणि ते चालवणारं पीएचपी-एफपीएम, सोबत रेडिसमधली ऑब्जेक्ट कॅश (डेटाबेसमधून आणलेली माहिती स्मृतीत ठेवणारी), त्यापुढे एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची फास्टसीजीआय कॅश (पीएचपीने बनवलेली पानं ठेवणारी) आणि सर्वांत बाहेर क्लाउडफ्लेअर हे सीडीएन, म्हणजे जागोजागी प्रती ठेवून वाचकाला जवळून पान देणारं जाळं. तुमच्याकडे एन्जिनएक्सच्या कॅशऐवजी व्हार्निश असेल, वर्डप्रेसऐवजी लाराव्हेल असेल. नावं बदलतील, क्रम हाच ठेवा.

## तयारी: आधी लिहून घ्या

तक्रार करणाऱ्याकडून स्क्रीनशॉट नको, पूर्ण लिंक मागा, आणि तीही त्याने उघडली तशीच, प्रश्नचिन्हापुढच्या शेपटीसकट. ती लिंक तुम्ही हाताने टाइप केलीत तर बऱ्याचदा तुम्ही वेगळंच पान तपासत बसता. का, ते पाचव्या पायरीत येईल. सोबत तीन गोष्टी टिपून ठेवा: बदल किती वाजता सेव्ह झाला, जुनं पान किती वाजता दिसलं आणि पाहणारा लॉग-इन होता का.

मग कागदावर थर काढा. ब्राउझर, सर्व्हिस वर्कर (ब्राउझरमध्ये साइटतर्फे मागे चालणारा कोड) असल्यास तो, सीडीएन, एन्जिनएक्स, पान साठवणारं प्लगइन, रेडिस, ओपीकॅश (पीएचपीचा तयार केलेला कोड साठवणारी). प्रत्येकापुढे प्रत ठेवण्याची मुदत लिहा. एखाद्याची मुदत लिहिता आली नाही, तर तपास तिथूनच सुरू करायचा, असं मी तरी मानतो. एन्जिनएक्स आणि प्लगइन दोन्ही पानं साठवत असतील आणि ते कुणाला आठवतही नसेल, ही अवस्था फार नवलाची नाही.

एन्जिनएक्सने कॅशचा निकाल (पान कॅशमधून दिलं की नाही) हेडरमधून, म्हणजे पानासोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळींतून, सांगावा, अशी सोय आत्ताच करून ठेवा. ‘अपस्ट्रीम कॅश स्टेटस’ हे व्हेरिएबल ‘एक्स-कॅश’ अशा एखाद्या नावाने ‘ॲड हेडर’मधून बाहेर पाठवायचं.

सावधान: ‘ॲड हेडर’च्या ओळी वरच्या ब्लॉकमध्ये असतील आणि आतल्या ‘लोकेशन’मध्ये तुम्ही अशी एक जरी ओळ लिहिली, तर तिथे वरच्या सगळ्या ओळी लागू होत नाहीत. निकालाचा हेडर आला आणि सुरक्षेचे हेडर गेले, असं होतं. शेवटी ‘ऑलवेज’ लिहिलं नाही तर ४०४ किंवा ५०० च्या उत्तरावर हेडर दिसतच नाही.

## पायरी १: तक्रार कॅशचीच आहे ना?

बदल डेटाबेसमध्ये खरोखर पोचलाय का, ते पोस्टच्या संपादन पानावर जाऊन बघा. मसुदा सेव्ह झाला आणि ‘अपडेट’ दाबायचं राहिलं, असं धावपळीत होतंच.

व्हॉट्सॲपवर जुना फोटो किंवा जुना मथळा दिसतोय, ही तक्रारही तुमच्या कॅशची नाही. लिंकचं पूर्वदृश्य पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होऊन संदेशाबरोबर जातं. आधीच गेलेले संदेश तुम्ही सर्व्हरवर काहीही केलंत तरी बदलणार नाहीत. फेसबुकसाठी मात्र त्यांच्या शेअरिंग डीबगरमध्ये लिंक टाकून पान पुन्हा वाचायला लावता येतं.

संपादक म्हणतो, “मला तर नवीन दिसतंय.” दिसणारच. तो लॉग-इन आहे आणि लॉग-इन माणसाला बहुतेक मांडण्यांत कॅश वगळूनच पान दिलं जातं. त्याच्या पडद्यावरचं पान पुरावा म्हणून धरू नका.

## पायरी २: ब्राउझर बाजूला काढा

खासगी खिडकी उघडा, डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्कचा टॅब लावा आणि पान मागवा. पहिल्याच ओळीतला आकाराचा रकाना बघा. तिथे आकड्याऐवजी डिस्क कॅश, मेमरी कॅश किंवा सर्व्हिस वर्कर असं लिहिलेलं असेल, तर विनंती सर्व्हरपर्यंत गेलेलीच नाही.

दोन जागी लोक फसतात. ‘डिसेबल कॅश’ची खूण डेव्हलपर टूल्स उघडी असेपर्यंतच चालते; ती बंद केली की ब्राउझर पुन्हा मूळ वळणावर. दुसरं म्हणजे मागे जाण्याचं बटण. ते दाबल्यावर येणारं पान अनेकदा ब्राउझरने स्मृतीत गोठवून ठेवलेलं असतं. मागचं पान बघून कॅशबद्दल कोणताही निष्कर्ष काढू नका.

कायमचं वळवणं, म्हणजे ३०१, हे प्रकरण वेगळंच. वेगळी मुदत दिली नसेल तर ब्राउझर ३०१ चं उत्तर दीर्घकाळ धरून ठेवतो. चुकून लावलेलं ३०१ सर्व्हरवरून काढलं तरी ज्यांनी पान एकदा उघडलंय ते वळतच राहतात. चाचणी चालू असेतो ३०२ वापरा.

तपासणी: खासगी खिडकीत ताजं आणि नेहमीच्या खिडकीत जुनं? मग दोष ब्राउझर किंवा सर्व्हिस वर्करचा, किंवा कुकीमुळे वेगळ्या वाटेने येणाऱ्या पानाचा. दोन्हीकडे जुनं असेल तर पुढे चला.

## पायरी ३: हेडर वाचा

इथे घाई नको. पुढचं सगळं या पायरीवर उभं आहे.

‘कर्ल’ने (कमांड लाइनवरून पान मागवणारं साधन) पान मागवा, मजकूर फेकून द्या आणि फक्त हेडर छापा. बहुतेक जण सवयीने कॅपिटल ‘आय’चा पर्याय देतात, पण त्याने ‘गेट’ऐवजी ‘हेड’ (फक्त हेडर मागणारी) विनंती जाते आणि तिचं उत्तर वेगळ्या वाटेने येऊ शकतं. कॅपिटल ‘डी’ने हेडर आणि छोट्या ‘ओ’ने मजकूर वेगळा काढला की विनंती ‘गेट’च राहते.

(यातली एक गंमत. फास्टसीजीआय कॅशच्या किल्लीत, म्हणजे नोंद ओळखण्याच्या नावात, विनंतीची पद्धत धरलेली नसेल, तर एखाद्या देखरेख साधनाने पाठवलेल्या ‘हेड’चं रिकामं उत्तर कॅशमध्ये बसू शकतं. मग वाचकांना कोरं पान मिळतं आणि देखरेखवाल्याला सगळं आलबेल दिसतं.)

आता एकेक हेडर.

‘एज’ म्हणजे पान मधल्या कॅशमध्ये किती सेकंद पडून आहे. ५४०० दिसलं तर दीड तास. बदल वीस मिनिटांपूर्वीचा असेल तर हे पान बदलाआधीचं, वाद संपला. काही थर ‘एज’ पाठवत नाहीत. तेव्हा पानाच्या सोर्समध्ये अगदी तळाशी बघा. बरीच कॅश प्लगइनं तिथे पान बनल्याची वेळ टिप्पणीत लिहून ठेवतात.

‘डेट’ आणि ‘एक्सपायर्स’ नेहमी जीएमटीमध्ये असतात. सकाळी ६:४५ वाचून “हे तर सकाळचं पान” म्हणण्याआधी साडेपाच तास मिळवा. आपल्याकडे तेव्हा दुपारचे सव्वाबारा झालेले असतात. या साडेपाच तासांत हुशार माणसंही गुरफटलेली मी पाहिली आहेत, त्यात मीही आलो.

‘कॅश-कंट्रोल’मध्ये सर्वांत जास्त गैरसमज दोन शब्दांचे. ‘नो-कॅश’चा अर्थ साठवू नका असा नाही, साठवा, पण वापरण्याआधी दर वेळी मूळ सर्व्हरला विचारा, असा आहे. साठवूच नका यासाठी ‘नो-स्टोअर’. ‘प्रायव्हेट’ म्हणजे फक्त वाचकाच्या ब्राउझरने ठेवावं, सीडीएनने नाही. ‘मॅक्स-एज’ सगळ्यांना लागू, तर ‘एस-मॅक्सएज’ फक्त सामायिक कॅशला, आणि तिथे तो ‘मॅक्स-एज’वर मात करतो. बातमीच्या पानाला ब्राउझरची मुदत शून्य आणि सीडीएनची पाच-दहा मिनिटं ठेवलेली मला बरी वाटते, कारण सीडीएनवरचं पान मला पुसता येतं, वाचकाच्या फोनमधलं नाही.

‘कॅश-कंट्रोल’ मुळीच नसेल तर? तर कॅश स्वतः अंदाज बांधते. ‘लास्ट-मॉडिफाइड’पासून जितका काळ लोटला त्याच्या साधारण १० टक्के, हा प्रचलित ठोकताळा. वीस दिवसांपूर्वी बदललेली फाइल त्या हिशेबाने दोन दिवस ताजी मानली जाऊ शकते. मुदत लिहिली नाही म्हणजे कॅश होत नाही, ही समजूत सोडून द्या.

उलट तक्रारही येते: काहीच कॅश होत नाही, प्रत्येक वेळी ‘मिस’, म्हणजे पान कॅशमध्ये सापडलं नाही. अशा वेळी ‘एक्सपायर्स’मध्ये १९ नोव्हेंबर १९८१ ही तारीख दिसते का बघा. दिसली तर कुठल्या तरी प्लगइनने पीएचपीचं सेशन (वाचकागणिक वेगळी नोंद) सुरू केलंय; सेशन सुरू झालं की पीएचपी मूळ सेटिंगनुसार ही जुनी तारीख आणि ‘नो-स्टोअर’ पाठवतं. एन्जिनएक्स ते पाळतो आणि पान साठवत नाही. उपाय त्या प्लगइनला आवरणं हा आहे. हे हेडर दुर्लक्षित करा असं एन्जिनएक्सला सांगणं हा उपाय नाही. त्याने काय होतं, ते सहाव्या पायरीत.

शेवटी निकालाचे हेडर. क्लाउडफ्लेअरचा ‘सीएफ-कॅश-स्टेटस’ जर ‘डायनॅमिक’ असेल तर त्याने हे पान कॅशमध्ये शोधलंच नाही. वेगळा नियम लावल्याशिवाय तो एचटीएमएल साठवत नाही. मग तिथे पर्ज दाबत बसण्यात अर्थ नाही. एन्जिनएक्सचे ‘हिट’ (कॅशमधून मिळालं) आणि ‘मिस’ सगळ्यांना कळतात. लक्ष द्यायचं ते ‘स्टेल’कडे. मूळ ॲप चुकतंय किंवा वेळेत उत्तर देत नाही म्हणून मुदत संपलेलं पान दिलं जातंय, असा त्याचा अर्थ. अशा वेळी कॅश पुसली तर वाचकाला जुन्या पानाऐवजी ५०० चा दोष दिसेल. आधी पीएचपीचा एरर लॉग उघडा.

तपासणी: तीच विनंती लागोपाठ तीनदा करा आणि तिन्ही निकाल लिहा. कधी जुनं कधी नवं येत असेल, तर मागे एकाहून अधिक सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाची कॅश वेगळी आहे, हा पहिला संशय.

## पायरी ४: एकेक थर वगळा

आता बाहेरून आत एकेक थर वगळत पान मागवायचं. जो वगळल्यावर पहिल्यांदा नवं पान दिसेल, तो थर दोषी.

सर्व्हरवर लॉग-इन करून तिथूनच ‘कर्ल’ चालवा. ‘रिझॉल्व्ह’ पर्यायात डोमेन, पोर्ट ४४३ आणि सर्व्हरचा स्वतःचा पत्ता दिला की विनंती सीडीएनला टाळून थेट एन्जिनएक्सवर जाते, डोमेन आणि प्रमाणपत्र मात्र खरंच राहतं. नुसता आयपी पत्ता टाकून उघडू नका. होस्टचं नाव बदललं की दुसरीच साइट किंवा कॅशची दुसरीच नोंद समोर येते.

इथे नवं पान आलं? मग सीडीएन दोषी. जुनं आलं तर एन्जिनएक्सची कॅश वगळण्यासाठी जो नियम केला असेल (ठरावीक कुकी, ठरावीक हेडर) तो वापरून पुन्हा मागवा. आता नवं आलं तर पान एन्जिनएक्समध्ये अडकलंय. तरीही जुनंच असेल तर दोष त्याच्याही आत: प्लगइनची पान-कॅश, रेडिस किंवा ओपीकॅश.

ओपीकॅशचं लक्षण ओळखायला सोपं आहे. मजकुरातले बदल दिसतात, पण टेम्पलेटमधले किंवा कोडमधले दिसत नाहीत. वेगासाठी फाइलची वेळ तपासणं बंद ठेवलं असेल, तर नवा कोड चढवल्यावर पीएचपी-एफपीएम रीलोड करावंच लागतं.

सावधान: कमांड लाइनवरून ओपीकॅश रीसेट केली तर ती कमांड लाइनच्या पीएचपीची होते, एफपीएमची नाही. ‘रीसेट केली तरी फरक नाही’ असं म्हणणाऱ्याला आधी हे विचारा.

## पायरी ५: किल्ली जुळते का?

कॅशमधली प्रत्येक नोंद एका किल्लीखाली असते, आणि एन्जिनएक्समध्ये त्या किल्लीत सहसा ब्राउझरने पाठवलेला पत्ता जसाच्या तसा असतो. पत्ता एका अक्षराने बदलला की नोंद वेगळी. म्हणून पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि कसलाही आकडा जोडून “बघा, ताजं आलं” म्हणणं ही तपासणी नव्हे. तुम्ही नवी किल्ली बनवली, नवं पान आलं. जुन्या किल्लीखाली जुनं पान तसंच आहे. हेच मोहिमेच्या लिंकांचं. व्हॉट्सॲप गटांवर ‘यूटीएम’ची (वाचक कुठून आला ते मोजणारी) एकच शेपटी लावून लिंक फिरवली असेल, तर त्या शेपटीची प्रत स्वतंत्र साठते, आणि साध्या पत्त्याचं पर्ज तिला शिवतही नाही.

मराठी साइटवाल्यांसाठी यात एक खास खड्डा आहे, आणि तो सापडायला मला लाज वाटण्याइतका वेळ लागला होता. एका साप्ताहिकाच्या साइटवर काही वाचकांना दुरुस्त मजकूर दिसायचा, काहींना जुना. फोन वेगळे, नेटवर्क वेगळं, कशाशीच काही जुळेना.

कारण होतं देवनागरी पत्ता. पत्त्यातलं प्रत्येक देवनागरी अक्षर-चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटचं, आणि प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हामागे दोन सोळामान अंक असा लिहिला जातो, म्हणजे एका चिन्हाला ९ खुणा. या सोळामान अंकांतली रोमन अक्षरं (ए ते एफ) वर्डप्रेस लहान लिपीत लिहितं. पण कोणी पत्ता देवनागरीतच टाकला, किंवा एखाद्या ॲपने तो उलगडून पुन्हा बांधला, की तीच अक्षरं मोठ्या लिपीत जातात. माणसाच्या आणि वर्डप्रेसच्या लेखी पान एकच. एन्जिनएक्सच्या किल्लीत मात्र दोन. पर्ज करणारं प्लगइन वर्डप्रेसचा लहान लिपीतला पत्ता पुसतं, आणि मोठ्या लिपीतली प्रत मुदत संपेपर्यंत फिरत राहते.

खात्री करायची तर कॅशच्या फोल्डरात जा. फाइलींची नावं किल्लीच्या एमडी५ वरून (मजकुरापासून काढलेला ठरावीक लांबीचा संकेत) बनतात, त्यामुळे नावावरून काही कळत नाही. पण प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला किल्ली साध्या अक्षरांत लिहिलेली असते. पत्त्यातला एखादा तुकडा लहान-मोठं न पाहता ‘ग्रेप’ या शोध-आज्ञेने शोधा. एका लेखाच्या दोन फाइली सापडल्या की प्रश्न सुटला. उपाय: पर्जच्या वेळी दोन्ही रूपं पुसा, आणि नव्या लेखांना छोटे रोमन पत्ते द्यायला संपादक तयार असतील तर उत्तमच. (सहसा नसतात, आणि त्यांचंही चुकत नाही.)

सावधान: हे सोडवायला किल्लीत मूळ पत्त्याऐवजी एन्जिनएक्सचं उलगडलेलं ‘यूआरआय’ व्हेरिएबल टाकू नका. पीएचपीच्या ब्लॉकमध्ये पोचेपर्यंत वर्डप्रेसच्या नेहमीच्या मांडणीत त्याची किंमत ‘इंडेक्स डॉट पीएचपी’ झालेली असते. सगळ्या पानांची किल्ली एक होते, आणि जे पान आधी साठलं तेच प्रत्येक पत्त्यावर दिसतं.

## पायरी ६: एकाचं पान दुसऱ्याला दिसलं तर

हा अपवाद आहे. इथे पुरावा जपत बसायचं नाही. पानांची कॅश त्या क्षणी बंद करा, सीडीएनसकट सगळं पुसा आणि मगच कारण शोधा. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानात कॅशच्या चुकीच्या नियमामुळे सुमारे ३४ हजार वापरकर्त्यांच्या माहितीची पानं इतरांना दिसू शकली होती. दुकान बंद ठेवूनच त्यांना ते निस्तरावं लागलं.

वर्डप्रेसमध्ये पहिली खूण म्हणजे सामान्य वाचकाला वरची काळी ॲडमिन पट्टी दिसणं. कारण बहुधा एन्जिनएक्सच्या दोन सूचनांतला गोंधळ. ‘बायपास’ म्हणजे कॅशमधून घेऊ नका. ‘नो कॅश’ नावाची सूचना (पायरी ३ मधला ‘नो-कॅश’ हेडर नव्हे) म्हणजे कॅशमध्ये ठेवू नका. लॉग-इन कुकीसाठी फक्त पहिली लावली, तर संपादकाला ताजं पान मिळतं आणि नेमकं तेच पान सगळ्यांसाठी साठवलं जातं. दोन्ही सूचना एकाच अटीवर, जोडीनेच लावा.

दुसरं कारण पायरी ३ मध्ये सांगितलेला शॉर्टकट. ‘सेट-कुकी’ असलेलं उत्तर एन्जिनएक्स स्वतःहून साठवत नाही. ‘हिट’ वाढावेत म्हणून तो हेडर दुर्लक्षित करायला लावलात, तर एका वाचकाची सेशन कुकी कॅशमधून पुढच्या वाचकांना वाटली जाऊ शकते.

तिसरं, कमी दिसणारं: खात्याच्या पत्त्यामागे कोणी ‘/क्ष डॉट सीएसएस’ असं काही जोडलं आणि ॲपने तरीही खात्याचंच पान दिलं, तर विस्तार बघून साठवणारं सीडीएन ते स्थिर फाइल समजून ठेवू शकतं. असा पत्ता स्वतः करून बघा. उत्तर ४०४ यायला हवं.

फॉर्मची तक्रार सौम्य, पण जात तीच. पानात गोठलेलं सुरक्षा-टोकन (फॉर्म साइटवरूनच आला हे ओळखणारा संकेत) शिळं होतं. मग लाराव्हेल ४१९ चा दोष देतं. वर्डप्रेसचं टोकन, म्हणजे नॉन्स, १२ ते २४ तास टिकतं, म्हणजे पानाची मुदत १२ तासांपेक्षा जास्त ठेवलीत तर संपर्काचा फॉर्म अधूनमधून नाकारला जाणार. ज्या पानावर फॉर्म आहे त्याची मुदत कमी ठेवा किंवा टोकन वेगळ्या विनंतीने आणा.

## पायरी ७: आता पुसा, पण आतून बाहेर

क्रम: रेडिसमधली संबंधित नोंद, प्लगइनची पान-कॅश, एन्जिनएक्स, सर्वांत शेवटी सीडीएन. उलट केलंत तर रिकामं झालेलं सीडीएन पुढच्याच सेकंदाला एन्जिनएक्सकडून जुनं पान घेऊन येतं, आता नवी मुदत लावून. “पर्ज केलं तरी जुनंच” या तक्रारीमागे असतं ते बऱ्याचदा हेच.

एकाच पानाचा प्रश्न असेल तर तेवढाच पत्ता पुसा. त्याबरोबर मुखपृष्ठ, विभागाचं पान आणि फीड विसरू नका, कारण मथळा तिथेही असतो.

सावधान: रेडिसवर ‘फ्लश ऑल’ चालवण्याआधी तिथे अजून काय राहतं ते बघा. ती आज्ञा सगळे डेटाबेस रिकामे करते. त्याच रेडिसमध्ये दुसऱ्या साइटची सेशनं असतील तर तिथली सगळी माणसं लॉग-आउट होतील.

## पायरी ८: दुरुस्ती टिकली का?

चाचणीसाठी एक जुना, फारसा न वाचला जाणारा लेख घ्या. बाहेरून दोनदा मागवा. दुसऱ्यांदा ‘हिट’ यायला हवा. मजकुरात एखादा शब्द बदला आणि अपडेट करा. लगेच मागवा: ‘मिस’ आणि नवा शब्द. पुन्हा मागवा: ‘हिट’ आणि नवा शब्द. मग हाच फेरा देवनागरी पत्ता मोठ्या लिपीतल्या रूपात देऊन, आणि एकदा ‘यूटीएम’ शेपटीसकट करा.

पंधरा मिनिटं तो लेख कोणी उघडू नये असं बघा आणि परत मागवा. मुदत तासाभराची असूनही ‘मिस’ आला, तर कॅशच्या पाथमधली ‘इनॅक्टिव्ह’ची किंमत तपासा. ती लिहिलेली नसेल तर १० मिनिटं धरली जाते, आणि तेवढा वेळ न मागितलेलं पान मुदत शिल्लक असूनही काढून टाकलं जातं. हा दोष नाही, पण तो माहीत नसला की पुढच्या आठवड्यात कोणीतरी ‘कॅश चालत नाही’ म्हणून नवं प्लगइन बसवतं आणि तुमच्या कागदावर आणखी एक थर वाढतो.